बाटलीवरचं नाव

सावदा, ४ डिसेंबर १९९१

चि. निंबा,

आशीर्वाद. तू रुसून बसला आहेस हे मला ठाऊक आहे. मीही रुसलेच होते. पण बातमीच अशी आहे की तुला कळवल्यावाचून घास गोड लागेना. आजी झाले रे मी, तीही दोनदा! बेबा बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला ९ नोव्हेंबरला मुलगी झाली. आणि अकरा दिवसांनी, २० तारखेला, आपल्या कुंदाला मुलगा झाला. वहिनी नाहीत, म्हणून वनादादाने लेकीचं बाळंतपण माझ्याकडेच सोपवलं. एका खोलीत लेक, एका खोलीत सून. मी मधल्या ओट्यावर बसून दोन्हीकडे डिंकाचे लाडू पुरवते. पायाला भिंगरी लागली आहे नुसती.

काय रे, माझा हेमराज आणि वनादादाची कुंदा, आत्याच्या घरात मामाची मुलगी आली, तर तू भर मांडवात काय तमाशा केला होतास! "अक्का, जवळच्या रक्तात लग्न नको, आपल्या घरात आधीच खूप झालंय." चार पाहुण्यांसमोर. वनादादा अजून तुझं नाव काढू देत नाही. आता ये आणि बघ, कसा गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा नातू आहे. बारशाला नाव ठेवलं तुषार.

एकच बारीकशी गोष्ट. बेबाच्या मुलीची नाळ सहाव्या दिवशी पडली. तुषारची आज चौदा दिवस झाले तरी सुटत नाही. वाळलीय, पण धरून आहे. सुंदरबाई सुईण धुळ्याकडची, तुला तिची बोली माहीत आहे, ती म्हणते, "काही भ्यायचं नही अक्का, बठ्ठं बरं शे." आणि एक गंमत सांगते. आंघोळ घालताना तिच्या बांगडीचा चरा बाळाच्या मांडीला लागला, आठ दिवस झाले, पण जखमेत पुवाचा टिपूस नाही. इतकं शुद्ध रक्त! तू रक्तातलाच शिकलेला ना, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पत्राचं उत्तर दे. राग गिळ.

तुझी
कमलअक्का

•

धुळे, ९ डिसेंबर १९९१

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. पत्र वाचून पेढे आणले आणि लॅबमध्ये वाटले. आमचा सहायक जहांगीर म्हणाला, "साहेब, तुम्ही आजोबा झालात की मामा की काका, ते आधी ठरवा." मी म्हटलं, तिन्ही. कुंदाचा काका, हेमराजचा मामा, त्यामुळे तुषारचा मी दोन्हीकडून आजोबा. हसू नकोस.

अक्का, आता जरा शांतपणे वाच. त्या जखमेत पू नाही, हे मला आवडलेलं नाही.

मी पुण्यात सहा वर्षं काय करत होतो ते तू नेहमी विचारायचीस आणि मी नेहमी टाळायचो. आज सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांच्या अंगाबाहेर प्रथिनं असतात, त्यांना तू हात समज. कुठे जखम झाली, जंतू शिरले, की पेशी त्या हातांनी रक्तवाहिनीची भिंत धरते. हाताने भिंत धरली की पेशीच्या आत निरोप जातो, "ऊठ, इथेच उतरायचंय." मग पेशी आकार बदलते, भिंतीतून बाहेर पडते आणि लढते. हा निरोप बाहेरून आत कसा पोचतो, एवढंच मी सहा वर्षं बघत होतो. अजूनही इथल्या कॉलेजात जुन्या सूक्ष्मदर्शकावर तेच बघतो.

पू म्हणजे लढून मेलेल्या पेशी. पू नाही, याचा अर्थ घाण नाही असा नसतो. लढायला कुणी उतरलंच नाही, असाही असू शकतो. नाळसुद्धा याच पेशी येऊन सोडवतात. काही मुलं जन्मतःच हे हात नसलेली असतात. फार क्वचित. पण नाळ न पडणं आणि पू न होणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुस्तकात पहिलं नाव त्याचंच निघतं.

घाबरू नकोस, पण तीन गोष्टी कर. डॉक्टरांकडून बाळाच्या पांढऱ्या पेशी मोजून घे. बेंबीशी लाली आहे का ते बघ. आणि मला आठवून सांग, माझ्या जन्माआधी आपला भाऊ भटू गेला, तो कशाने गेला? त्याची नाळ वेळेवर पडली होती का? माय असताना मी विचारलं नाही, आता तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार.

निंबा

•

सावदा, १४ डिसेंबर १९९१

चि. निंबा,

पेढे वाटलेस आणि खाली विष कालवलंस. शाबास.

डॉक्टरांकडे नेलं. टाचेतून एक थेंब काढला त्यांनी. सव्वा महिन्याच्या आत बाळाच्या अंगाला सुई लागू द्यायची नाही ही आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे, तरी तुझ्यासाठी मी तेवढं डोळ्यांआड केलं. मोजणी आली अठ्ठेचाळीस हजार. डॉक्टरच म्हणाले की साध्या बाळाला दहा-पंधरा असतात. म्हणजे तुझे राखणदार आमच्याकडे तिप्पट-चौपट आहेत! आणि तू म्हणतोस लढायला कुणी नाही. हेमराजला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, मामाला केळीच्या बागेतलं कळत नाही, इतके राखणदार असल्यावर चोर येतोच कशाला.

बेंबीशी थोडी लाली आहे. डॉक्टरांनी गोड लाल औषध दिलंय, दिवसातून तीनदा. ते दिलं की बाळ शांत असतं.

भटूचं मला काही आठवत नाही. मी दहा-अकरा वर्षांची होते. लहान मुलं तेव्हा जायचीच.

कुंदाला यातलं काही सांगितलेलं नाही. पोरगी वीस वर्षांची आहे, तिचं दूध आटेल. ती आपली दिवसभर बाळाच्या बोटांशी बोलत बसते. तूही तिला लिहू नकोस.

अक्का

•

धुळे, १८ डिसेंबर १९९१

तीर्थरूप अक्का,

अठ्ठेचाळीस हजार वाचलं आणि मी पुस्तक उघडून पुन्हा ताडून बघितलं. हेमराजला सांग, राखणदार पुष्कळ आहेत कारण ते रक्तातच अडकून पडलेत. हात नाही, भिंत धरता येत नाही, त्यामुळे कुणी बाहेर उतरत नाही. शरीर घाबरून आणखी आणखी राखणदार पाठवतं आणि सगळे नुसते फिरत राहतात.

तरी ही अटकळ आहे. खात्री एकाच गोष्टीने होईल. त्या प्रथिनाला चिकटणारं एक औषध मी पुण्याहून थर्मासमध्ये घालून आणलं होतं, थोडं शिल्लक आहे. ते रक्तात मिसळलं की ज्या पेशींना हात आहेत त्या हिरव्या चमकतात. नसलेल्या अंधारात राहतात. मला बाळाचं चमचाभर रक्त हवं. सोबतच्या पार्सलात दोन बाटल्या आहेत, एक फुटली तर दुसरी; रक्त गोठू नये म्हणून तळाशी औषधाचा थेंब आहे तो धुऊन टाकू नका. रतिलाल कंपाउंडर काढून देईल. बाटलीवर बाळाचं नाव आणि तारीख लिही. थर्मासमध्ये बर्फ घाल, पण बाटली फडक्यात गुंडाळ, बर्फ तिला लागता कामा नये. आणि धुळ्याच्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर उभा राहीन.

तू म्हणशील सव्वा महिना. अक्का, हात जोडतो. खरंच त्या मुलाला तो आजार असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे. औषधं अखंड द्यावी लागतील, मुंबईला न्यावं लागेल, हाडातली मज्जा बदलायचा उपाय आता होतो. मुलगा वाचू शकतो. पण आधी कळलं पाहिजे.

ते लाल औषध एक दिवसही चुकवू नका.

निंबा

•

सावदा, २४ डिसेंबर १९९१

चि. निंबा,

थर्मास कंडक्टरजवळ दिला आहे. बाटलीवर नाव मी स्वतः लिहिलं. रतिलालने रक्त काढलं. बाळ रडलं, मग झोपलं.

इथे थंडी फार पडलीय. केळीची पानं करपताहेत म्हणून हेमराज बागेतच असतो.

जे असेल ते मला एकटीला कळव.

अक्का

•

धुळे, २७ डिसेंबर १९९१

तीर्थरूप अक्का,

आधी साखर घे तोंडात, मग पुढचं वाच.

रक्त चांगलं आहे! पेशींना हात आहेत. तुषारच्या पेशी हिरव्या चमकल्या, अगदी माझ्या पेशींइतक्याच. मी दोनदा केलं, जहांगीरला बघायला लावलं. तुलनेला मी नेहमी माझंच रक्त घेतो, बोट टोचलं की झालं, दुसऱ्या कुणाला कशाला त्रास. माझ्या बोटाची चाळण झाली आहे म्हणून जहांगीर हसत असतो. तर काल एका काचेवर माझ्या पेशी, शेजारच्या काचेवर आपल्या तुषारच्या. काडीचाही फरक नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट जरा खटकली. पांढऱ्या पेशी मला तितक्या दिसल्या नाहीत. अठ्ठेचाळीस हजार तर मुळीच नाहीत. तुमच्याकडे मोजायला चुकले असतील, एका थेंबात असं होतं. नाळ काही मुलांची उशिरा पडते. लाली असेल तेवढे दिवस औषध द्या, मग डॉक्टर म्हणतील तसं बंद करायला हरकत नाही.

मी भित्रा निघालो. पुस्तकं वाचून वाचून मला सगळीकडे आजारच दिसतो. संक्रांतीला येतो, वनादादाचे पाय धरतो आणि भर मांडवात बोललो ते परत घेतो. हे पत्र कुंदालाही वाचायला दे.

निंबा

•

सावदा, २ जानेवारी १९९२

चि. निंबा,

तुझं पत्र आलं आणि घरात दिवाळी झाली. मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग कुंदाला आधीची सगळी काळजी सांगितली, तर ती माझ्यावरच रागावली, "आत्या, मला आधी का नाही सांगितलं?" मग हसली. तिने ते पत्र घडी घालून बाळाच्या उशीखाली ठेवलंय. येईल-जाईल त्याला काढून दाखवते, काकांनी यंत्रातून बघितलंय म्हणते. वनादादानेही पत्र दोनदा वाचलं.

परवा, एकेचाळिसाव्या दिवशी, नाळ पडली! सव्वा महिनाही झाला. औषध आम्ही बंद केलंय, इतकं औषध लेकराच्या पोटात बरं नव्हे. कुंदा संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करत बसली आहे. बाजूबंद झाले, मुकुट झाला, आता हार चाललाय.

नाळ पडली तिथे मात्र तेवढीच जागा काळसर झालीय. तिळाएवढी होती, आज रुपयाएवढी वाटते. पू नाही. कालपासून अंग थोडं गरम आहे. सुंदरबाई म्हणते, दृष्ट.

निंबा, एक विचारू? तुझ्या त्या यंत्रातून रक्त कुणाचं आहे, हे दिसतं का रे? सहज विचारलं.

अक्का

•

तार, धुळे, ८ जानेवारी १९९२

कमलबाई, सावदा. रक्त बाळाचे नाही. औषध सुरू करा. ताबडतोब जळगावला न्या. मी येतो. निंबा

•

धुळे, ८ जानेवारी १९९२

अक्का,

तार मिळेल न मिळेल म्हणून हे पत्र सावद्यावरून जाणाऱ्या रावेर गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. मी तडक जळगावला जातोय, मुलांच्या मोठ्या डॉक्टरांना गाठतो. तुम्ही तुषारला घेऊन तिथे या. गाडी करा. एस.टी.ची वाट बघू नका.

तुझं दोन तारखेचं पत्र मला आज मिळालं. त्याआधी सकाळी काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला वाटणार नाही की मी पुन्हा घाबरलो आहे. माझ्या बोटाला चिरा पडल्या होत्या, तेव्हा जहांगीर म्हणाला, "साहेब, आज माझं घ्या." त्याचं रक्त घेतलं. काच लावली. अक्का, त्याच्या पेशी माझ्या पेशींच्या दुप्पट चमकल्या. मला वाटलं औषध जास्त पडलं. मग शिपायाचं घेतलं, ग्रंथपाल बाईंचं घेतलं. सगळ्यांच्या दुप्पट. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला पूर्ण समजत होतो, ते माझं रक्तच निम्मं आहे.

प्रथिन बनवायची सूचना माणसाला आईकडून एक आणि बापाकडून एक मिळते. माझी एक बिघडलेली आहे. निम्म्या हातांवर माणूस धडधाकट जगतो, मी जगतोच आहे. तू पाठवलेलं रक्त माझ्यासारखंच होतं, म्हणजे तेही निम्मंच. आणि निम्म्याने कुणी आजारी पडत नाही. त्याची नाळ अडत नाही, त्याच्या पेशी अठ्ठेचाळीस हजार होत नाहीत. त्या बाटलीत पेशी थोड्या होत्या. ते मला दिसलं होतं आणि मी डॉक्टरांची चूक म्हणून सोडून दिलं.

आणि मग दुपारच्या टपालाने तुझं पत्र. रक्त कुणाचं हे दिसतं का, म्हणून विचारतेस.

कुणाचं होतं अक्का ते? बेबाच्या मुलीचं? तिचा सव्वा महिना झाला होता, हो ना?

काळी जागा म्हणजे मांस मरतंय. लवकर या.

निंबा

•

सावदा, ३० जानेवारी १९९२

निंबा,

जळगावला पाच दिवस आपण एकाच बाकावर बसलो, पण तू काही विचारलं नाहीस आणि मी काही बोलले नाही. सगळे होते. तुझी तार आणि ते पत्र मी कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं. तेरा तारखेला तुषार गेला, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. तू सगळ्यांसमोर माझं नाव घेशील अशी मला भीती होती. तू घेतलं नाहीस. म्हणून लिहिते आहे.

हो. बेबाच्या मुलीचं.

सव्वा महिन्याचं निमित्त होतं. तेवढ्यासाठी मी अडले नसते रे. मला भटू आठवतो. मी तुला खोटं लिहिलं. तो माझ्या मांडीवर वाढला साडेतीन महिने. त्याची नाळ दीड महिना पडली नाही. माय सगळ्यांना कौतुकाने सांगायची, माझ्या लेकराच्या जखमेला पू धरत नाही. मग त्याच्या तोंडात फोड आला, गाल काळा पडला. भटूच्या आधी एक मुलगी होती, तीही तशीच. तुला कुणी सांगितलं नाही, तू शेंडेफळ. माय आणि बाबाही आते-मामेच होते ना.

हे सगळं मला हेमराजच्या लग्नाच्या वेळी ठाऊक होतं. तू मांडवात बोललास तेव्हा मला भटूच आठवला होता. पण कुंदा मला माझ्या लेकीसारखी, आणि परक्या घरची सून आणून ती कशी निघेल याची मला धास्ती. मी म्हटलं, मायच्या वेळचं मायच्या वेळी. तुझं पत्र आलं, त्यात भटूचं नाव वाचलं, तेव्हाच मला कळलं तुझ्या यंत्रात काय दिसणार ते. ते कागदावर यायला नको होतं मला. कागदावर आलं असतं तर वनादादाने वाचलं असतं, हेमराजने वाचलं असतं, हे लग्न कुणी लावलं ते सगळ्यांनी विचारलं असतं. मला वाटलं थोडे दिवस जाऊ देत, नाळ पडेल, सगळं निभावेल.

आणि ऐक. तुझं ते चांगलं पत्र आलं ना, तेव्हा मी खरंच आनंदले. रक्त दुसऱ्याचं हे मला माहीत होतं, तरी आनंदले. मीच लबाडी केली आणि मीच तुझं अक्षर वाचून औषध बंद करू दिलं. असं कसं झालं रे माझं?

हलव्याचा हार अजून तसाच टांगलाय, कुंदा काढू देत नाही. डॉक्टर तिला म्हणाले, रक्तात जंतू पसरले. तेवढंच तिला माहीत आहे. निंबा, तुझ्या पाया पडते, मी मोठी असून पडते. तिला बाटलीचं सांगू नकोस. ती या घरात राहणार नाही. हेमराज माझं तोंड बघणार नाही. तुला पाटीवर अक्षर मी गिरवायला लावलं, त्या हाताने हे लिहू नकोस.

कमल

•

धुळे, ११ फेब्रुवारी १९९२

अक्का,

पाच वेळा लिहायला बसलो. पहिल्या चार पत्रांत तुला वाट्टेल ते बोललो होतो, ती फाडली.

तू दुसऱ्याचं रक्त पाठवलंस. पण ते रक्त सांगत होतं की मी त्या आजारी बाळाचं नाही. पेशी कमी होत्या. एखाद्या परक्या रुग्णाची बाटली असती तर मी ती परत मागवली असती. मला चांगलं दिसायला हवं होतं, म्हणून चांगलं दिसलं. आणि वर मीच लिहिलं की औषध बंद करायला हरकत नाही. ते वाक्य माझं आहे. तेव्हा तुझ्यावर दगड उचलायला माझा हात उठत नाही.

कुंदाला मी काही लिहिणार नाही. पण याला एक अट आहे आणि ती तू पाळायचीच. हेमराजकडे एक सूचना बिघडलेली आहे, कुंदाकडेही आहे. त्यांच्या दर मुलाला चारात एक वेळा हाच आजार येऊ शकतो. दर मुलाला, नव्याने. तेव्हा तिला पुन्हा दिवस जाण्याआधी तू स्वतः तिला हे सांगायचंस. बाटलीचं सांगू नकोस हवं तर. पण चारात एक हे सांग. मग दोघांनी माझ्याकडे यावं, मुंबईला जाऊ, काय करता येईल ते विचारू. त्यांना ठरवू दे.

हे काम माझं आहे, मी तुझ्यावर ढकलतो आहे, हे मला कळतं. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. ती विचारेल, काका, तुम्ही तर बघितलं होतं ना?

माझं ते पत्र तिच्याकडून मागून घे आणि चुलीत घाल.

निंबा

•

सावदा, ३ डिसेंबर १९९३

चि. निंबा,

पावणेदोन वर्षांत तुझी चार पत्रं आली, चारही पत्रांत एकच प्रश्न, सांगितलं का. मी केळीचा भाव लिहिला, बेबाच्या मुलीचे दात लिहिले, त्याचं उत्तर कधी लिहिलं नाही. आता लिहिते.

सांगणार होते. शपथेवर सांगते. आधी म्हटलं वर्ष होऊ दे, जखम ताजी आहे. वर्ष झालं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, दारात रांगोळी काढली, म्हटलं आजचा दिवस नको. मग संक्रांत आली. मग तिला दिवस गेले. गरोदर बाईला कसं सांगायचं रे, तिच्या जिवाला काही झालं असतं म्हणजे? असं करत करत नऊ महिने गेले. तुला कळवायचंही धाडस झालं नाही.

९ नोव्हेंबरला मुलगा झाला. तुषारसारखाच. तेच डोळे.

आज चोविसावा दिवस. नाळ पडलेली नाही. बारसं मी लांबवलंय, नाळ पडल्यावर नाव ठेवू म्हटलं. वनादादा कुरकुरतो. काल सुंदरबाईची बांगडी नाही, काही नाही, कानामागे आपोआप एक फोड आला, फुटला. मी रोज दिवा जवळ धरून बघते. लेकराला पू होऊ दे म्हणून देवाला हात जोडणारी आजी तू कुठे पाहिली आहेस का? मी जोडते.

लाल औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे. डॉक्टरांना मी सांगितलं, काही झालं तरी बंद करायचं नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले.

तू तेव्हा पाठवलेली दुसरी बाटली जपून ठेवली होती. रतिलालला बोलावलं. सव्वा महिना झालेला नाही, कुंदाच म्हणाली, आत्या, सुई कशी चालेल? मी म्हटलं, चालेल. पाय मी धरला. माझ्या डोळ्यांसमोर काढलंय, माझ्या हाताने बूच लावलंय, फडक्यात गुंडाळलंय. बाटलीवर नाव काय लिहू, नावच नाही अजून. "कुंदाचा मुलगा" एवढं लिहिलं. ते खरं आहे निंबा. जहांगीरच्या रक्ताशी लावून बघ, तुझ्या नको.

थर्मास उद्या सकाळच्या गाडीला देते.

रतिलाल गेल्यावर कुंदाने ट्रंकेतून तुझं पत्र काढलं. ते सत्तावीस डिसेंबरचं. मी मागितलं होतं, तिने दिलं नव्हतं. घडीवर चिरलंय, मागून तिने कागद चिकटवलाय. ते बाळाच्या उशीखाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आत्या, काकांना लिहा, या वेळी पण तसंच पत्र पाठवा म्हणावं."

अक्का